धुण्यात टिकेल अशी भेट : पिशवी, कापडी टोपली आणि बाळाची गोधडी

माझ्या भाचीच्या बारशाला मी हाताने शिवलेली पहिली गोधडी नेली होती. पांढऱ्या मलमलीत लाल, हिरवे, जांभळे खणाचे चौकोन. बायकांनी हातोहात फिरवून पाहिली, भरपूर कौतुक झालं. चार महिन्यांनी ताईकडे गेले तर गोधडी कुठेच दिसेना. विचारल्यावर तिने कपाटातून काढून दाखवली. पहिल्याच धुण्यात लाल खणाने पांढऱ्यावर गुलाबी ढग उमटवले होते. मलमल आटली होती, खण तेवढा आटला नव्हता, त्यामुळे चौकोन पापडासारखे फुगून आले होते. ताई काही बोलली नाही. बाळ मात्र शेजारच्या काकूंनी दिलेल्या, जुन्या पातळांच्या साध्या गोधडीवर मजेत लोळत होतं.

तेव्हापासून कुणासाठी काही शिवायला घेतलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे धुतल्यावर काय होईल? रंगसंगती, नक्षी, काठ कुठे लावायचा, हे सगळं त्यानंतर. खाली जे सांगितलं आहे ते याच प्रश्नाभोवती आहे.

शिवायला नुकतीच सुरुवात केली असेल तर आधी पिशवी, मग टोपली आणि शेवटी गोधडी असा क्रम ठेवा. पिशवीत सगळ्या टिपा सरळ असतात. टोपलीत पिशवीचेच कोपरे येतात, वर अस्तराची भर पडते. गोधडीत अवघड असं काहीच नाही, पण चिकाटी लागते. ती पहिल्याच कामात पणाला लावली की अर्धवट गोधडी माळ्यावर जाते. माझ्या ओळखीत अशा तीन आहेत.

कापड

भेटवस्तूला शंभर टक्के सुती कापड घ्या. दुकानात मागताना नाव घेऊन मागितलं तर काम सोपं होतं. गोधडीच्या वरच्या थराला केंब्रिक किंवा पॉपलिन, अस्तराला मांजरपाट (साधं, न रंगवलेलं सुती), पिशवीला दोसुती (जाडसर, दुहेरी धाग्याचं सुती) किंवा कॅनव्हास. मुंबईत मंगलदास मार्केट, पुण्यात रविवार पेठ आणि तुळशीबाग ही ठिकाणं माहितीची आहेतच. पण इचलकरंजी किंवा मालेगावच्या जवळ राहत असाल तर तिथे मागावरचं कापड मीटरवर मिळतं, तिकडे एक चक्कर मारून या.

शिंप्याकडे चिंध्यांचं पोतं असतं आणि मागितलं तर तो सहसा नाही म्हणत नाही. त्यात पॉलिएस्टर मिसळलेलं कापडही असतं, ते नुसत्या हाताला कळेलच असं नाही. एक धागा काढा, चिमट्यात धरा आणि मोरीत उभं राहून काडीने पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटाने चुरडली जाते. पॉलिएस्टर वितळून आकसतं आणि टोकाला कडक मणी उरतो. मिश्र कापडात दोन्ही दिसतं. गोधडीत दोन्ही जातींचे तुकडे शेजारी शेजारी आले की एक आटतो, दुसरा आटत नाही, आणि माझ्यासारखे पापड होतात.

आता सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. आणलेलं सगळं कापड कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजत घाला, वाळवा, किंचित ओलसर असताना इस्त्री करा. नवं सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. ते तुमच्या बादलीत आटू दे, भेट घेणाऱ्याच्या मशीनमध्ये नको. लाल, गडद निळं, काळं आणि मरून कापड वेगळं भिजवा. पाणी रंगलं तर पुन्हा धुवा. मग ओल्या कापडावर पांढरं फडकं दाबून इस्त्री फिरवा. फडक्यावर डाग आला तर ते कापड पांढऱ्याशेजारी लावायचं नाही, कितीही सुंदर असलं तरी. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात. मी भरपूर मीठ खर्च केलं आहे आणि माझा त्यावर भरवसा उरलेला नाही.

खण आणि काठपदर यांचा मोह सगळ्यांनाच पडतो. गुळेदगुड्डचा खण दिसतोही तसाच देखणा. पण त्याचे धागे सुटतात आणि तो सुती कापडाइतकं धुणं सोसत नाही. त्याला पिशवीचा खिसा किंवा टोपलीची बाहेरची बाजू द्या. बाळाच्या अंगाशी येणाऱ्या कुठल्याही वस्तूत खण, जर, टिकल्या, आरसे, बटणं काहीही नको. जर टोचते आणि सुटलेलं बटण थेट तोंडात जातं.

हाताशी काय हवं

पायमशीन असो की विजेची, सरळ टीप पडली की झालं. मशीनची सुई मात्र कापडाप्रमाणे बदला: केंब्रिकला १४ नंबर, दोसुती आणि कॅनव्हासला १६, जीन्सला १८. बारीक सुईने जीन्स शिवायला गेलात तर ती ‘टक’ आवाज करून मोडते आणि अर्धी कापडातच राहते. तो तुकडा सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. हाताच्या सुयांचा हिशोब उलटा असतो, नंबर वाढला की सुई बारीक होते.

कापडाची कात्री फक्त कापडाला. घरातल्या कुणी तिने दुधाची पिशवी कापली की ती कामातून गेली म्हणून समजा. मी माझ्या कात्रीला लाल दोरा बांधून ठेवते, तरीही भांडणं होतात. खुणा करायला अंगाच्या साबणाची झिजून पातळ झालेली वडी सर्वांत चांगली. धुतली की खूण गायब. बॉलपेन चुकूनही नको. साचा कापायला जुनी एक्स-रेची फिल्म वापरा. पुठ्ठ्याच्या कडा दहा-बारा तुकड्यांत झिजतात आणि चौकोन हळूहळू लठ्ठ होत जातात. फिल्म झिजत नाही आणि तिच्यातून कापडावरचं फूलही आरपार दिसतं. शिवाय टेप, टाचण्या, टाके उसवायला सीम रिपर आणि बोटात घालायचं अंगुस्तान. अंगुस्तानाशिवाय गोधडी शिवता येते, पण तिसऱ्या दिवशी भाजी चिरताना आठवण येते.

मापं मी इंच आणि सुतात देते आहे, कारण टेप घेऊन काम करताना तेच सोयीचं पडतं. आठ सूत म्हणजे एक इंच, दोन सूत म्हणजे पाव इंच.

पिशवी

२०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि कापडी पिशवी पुन्हा भेट म्हणून द्यायच्या लायकीची झाली. पण भेट मिळालेल्या निम्म्या पिशव्या दारामागच्या खिळ्यावर नुसत्या लटकतात, कारण त्यांचे बंद लेचेपेचे असतात. दोन किलो कांदे आणि एक कलिंगड घालून बाजारातून घरी आली तर ती पिशवी, नाहीतर शोभेची वस्तू.

४४ इंच पन्ह्याचं (म्हणजे रुंदीचं) एक मीटर दोसुती घ्या आणि भिजवून वाळवा. आटून पन्हा साधारण ४२ आणि लांबी ३७ इंच उरते असं धरा. त्यातून १७ × ३५ इंचांचे दोन तुकडे निघतात, म्हणजे दोन पिशव्या. बाजूला ८ इंचांची पट्टी उरते, तिच्यातून ४ × २४ इंचांचे दोन बंद, म्हणजे एका पिशवीची सोय झाली. दुसऱ्या पिशवीला इंचभर रुंदीची सुती निवार विकत आणा किंवा जुन्या जीन्सच्या पायांतून बंद काढा.

१. आधी बंद. चार इंची पट्टी लांबीत मधोमध दुमडून इस्त्री करा, उघडा, दोन्ही कडा मधल्या रेषेपर्यंत आणा, पुन्हा मिटा. एक इंच रुंदीची चार पदरी पट्टी तयार होते. दोन्ही कडांना एक सूत आत टीप मारा.

२. तुकडा मधोमध दुमडा, साडेसतरा इंच उंचीची पिशवी दिसेल. तळाला शिवण नाही हे लक्षात घ्या. वजन तिथे पडतं, म्हणून तिथे जोड नकोच. आता नवख्यांना उलटं वाटेल असं करायचं: सुलट बाजू बाहेर ठेवून दोन्ही कडांना पाव इंचापेक्षा जरा कमी अंतरावर टीप मारा. सुटे धागे कापा. पिशवी उलटवा, कडा नखाने दाबून घ्या आणि पाव इंचापेक्षा जरा जास्त अंतरावर दुसरी टीप मारा. कच्च्या कडा आत बंद होतात. अस्तर न लावताही पिशवी आतून स्वच्छ दिसते आणि कितीही धुतली तरी धागे सुटत नाहीत. ही एकच गोष्ट शिकलात तरी या लेखाचे पैसे वसूल.

३. कोपरे. पिशवी उलटीच असू द्या. तळाची घडी आणि बाजूची शिवण एकमेकींवर येतील असा कोपरा चिमटीत धरा, समोशासारखा त्रिकोण होतो. टोकापासून २ इंचांवर आडवी रेघ आखा; रेघ बरोबर ४ इंच लांब भरली पाहिजे. तिच्यावर दोनदा टीप. त्रिकोण कापून टाकू नका, तळाकडे दुमडून दोन टाक्यांनी पकडा. पिशवी खाली ठेवल्यावर स्वतः उभी राहते.

४. तोंड अर्धा इंच आत दुमडा, मग एक इंच आत दुमडा. बाजूच्या शिवणीपासून ४ इंच सोडून बंदाची टोकं या घडीखाली सरकवा, टाचणी लावा. दोन्ही बंदांची टोकं समोरासमोर आली आहेत ना, आणि बंदाला पीळ पडला नाही ना, हे आत्ताच पाहा. घडीच्या खालच्या कडेने पूर्ण गोल टीप मारा. मग बंद वर उलटवा आणि प्रत्येक टोकावर इंचभराचा चौकोन शिवून त्यात फुली मारा. इथे धाग्याची कंजूषी करायची नाही. पॉलिएस्टरचा धागा इथे चालतो, किंबहुना इथे तोच हवा.

पूर्ण झालेली पिशवी १२ इंच रुंद, १४ इंच उंच आणि ४ इंच खोल होते. द्यायच्या आधी तिच्यात पाच किलोची कणकेची पिशवी घालून घरभर फिरा.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून छोट्या पिशव्या लुटायच्या असतील तर हाच आराखडा निम्मा करा: ९ × १८ इंचांचा तुकडा, कोपऱ्यात आडवी रेघ २ इंचांची, बंदाला पाऊण इंची निवार. तीन मीटर कापडात २४ होतात. एकेक पिशवी पूर्ण करत बसू नका. आधी सगळ्या कापा, मग सगळ्यांच्या बाजू, मग सगळ्यांचे कोपरे. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, एवढा दिलासा असतो.

टोपली

पिशवी जमली की टोपलीला एक दुपार पुरते. रुखवतात मांडायला, बाळंतविड्यातली झबली-टोपडी ठेवायला, किंवा दिवाळीत फराळाचे डबे द्यायला ही टोपली छान दिसते, आणि फराळ संपल्यावरही घरात राहते.

बाहेरच्या कापडाचे ११ × ९ इंचांचे दोन तुकडे, अस्तराचे तेवढेच दोन. टोपली उभी राहायला मध्ये काहीतरी कडक हवं. दुकानदार बक्रम पुढे करेल, पण खळीचं बक्रम पाण्यात गेलं की ढेपाळतं आणि टोपली टोपीसारखी बसते. इस्त्रीने चिकटणारं डिंकाचं फ्यूजिंग स्वस्तातलं असेल तर धुतल्यावर बुडबुडे धरतं. मी जुन्या जीन्सचे १० × ८ इंचांचे दोन तुकडे वापरते. ते बाहेरच्या तुकड्यांच्या उलट बाजूला मधोमध ठेवायचे आणि कडेने शिवून टाकायचे. जीन्स आधीच शंभर वेळा धुतलेली असते, ती आता आणखी काय आटणार!

बाहेरचे दोन तुकडे सुलट बाजू समोरासमोर ठेवून तिन्ही बाजूंनी अर्धा इंच सोडून शिवा, पिशवीसारखेच ४ इंचांचे कोपरे काढा. इथे तळाला घडीच्या जागी शिवण आहे, तेव्हा कोपरा धरताना बाजूची शिवण तळाच्या शिवणीवर आणायची. अस्तराचंही तसंच करा, दोन फरकांनी: टीप एक सूत आतून मारा म्हणजे अस्तर थोडं लहान होऊन आत नीट बसतं, आणि तळाच्या मधोमध ४ इंच न शिवता सोडा. आता बाहेरची टोपली सुलट करून उलट्या अस्तराच्या आत बसवा, सुलटीला सुलट लागली पाहिजे. तोंडावर गोल टीप मारा. तळाच्या फटीतून सगळं बाहेर ओढून काढा. पहिल्यांदा हे करताना आपण काहीतरी भलतंच शिवलंय अशी खात्री पटते, ओढत राहा. फट हाताने शिवा, अस्तर आत ढकला, तोंडाला वरून एक टीप द्या. वरची २ इंचांची कड बाहेर दुमडली की अस्तराचा रंग दिसतो. खण लावायचा असेल तर या दुमडीवर लावा. तिथे हात कमी लागतो.

बाळाची गोधडी

आपल्याकडची जुनी गोधडी म्हणजे चौकोन कापून जोडणं नव्हतं. नऊवारी पातळ साधारण सव्वाआठ मीटर लांब असतं. त्याच्या चार घड्या घातल्या की दोन मीटर लांब आणि पातळाच्या पन्ह्याइतकी रुंद चौपदरी गोधडी समोर तयार. वर-खाली धडकी पातळं, पोटात जीर्ण झालेली धोतरं आणि लुगडी, कडा आत दुमडून पक्क्या करायच्या आणि कडेपासून धावदोरा (वर-खाली जाणारा साधा टाका) घालत आत आत यायचं. काही भागांत तिला वाकळ म्हणतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात तीही कडेकडूनच, पण त्या तुकडे आधी जोडून घेत नाहीत. शिवत शिवतच एकेक तुकडा दुमडून लावत मध्यापर्यंत येतात, आणि कोपऱ्यांवर घडी घातलेल्या छोट्या त्रिकोणी चिंध्या बसवतात. त्यांना ‘फुला’ म्हणतात.

हे सांगायचं कारण असं, की चौकोनांची गोधडी शिवताना अनेक जण आजीचं पाहिलेलं आठवून कडेपासून सुरुवात करतात आणि मध्ये कापडाचा फुगवटा जमा होतो. आजीच्या गोधडीच्या कडा आधी बंद असायच्या आणि तिचा डावा हात वर्षानुवर्षं कापड ताणायला शिकलेला होता. आपल्या कडा अजून मोकळ्या आहेत. म्हणून आपण मध्यापासून बाहेर जायचं, सैल असेल ते कडेने निघून जातं.

बाळाला ३६ × ४२ इंच हे माप पुरे. पावणेदोन-दोन वर्षांचं होईपर्यंत ते बाळाला पुरतं आणि बादलीत मावतं.

चौकोन कापणं. एक्स-रे फिल्मचा साडेसहा इंचांचा साचा करा. चारही बाजूंनी पाव इंच शिवणीत जाऊन ६ इंच उरतात. असे ४२ चौकोन हवेत, सहाच्या सात ओळी. एकाच कापडातून काढले तर सव्वा मीटर लागतं. मी चार-पाच कापडं घेते, त्यात एक तरी अगदी साधं, एका रंगाचं. सगळीच फुलाफुलांची घेतली तर डोळ्याला बसायला जागाच राहत नाही. साचा कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याला सरळ ठेवा. तिरका कापलेला चौकोन ताणला जातो आणि पुढे ओळी जुळत नाहीत.

मांडणी. पलंगावर सगळे चौकोन मांडा, खुर्चीवर उभं राहून मोबाइलने फोटो काढा आणि तो फोटो काळापांढरा करून पाहा. रंग गेल्यावर कुठे गडद चौकोनांची गर्दी झाली आहे ते लगेच दिसतं. मांडणी ठरली की घरातल्या लहान मुलांना आणि मांजराला खोलीबाहेर काढा, आणि प्रत्येक ओळ एका टाचणीत गोळा करून तिच्यावर ओळीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी टोचा.

जोडणी. पाव इंचावर टीप मारत एकेक ओळ जोडा. पहिल्या ओळीच्या शिवणी इस्त्रीने सगळ्या डावीकडे, दुसरीच्या उजवीकडे, असं आलटून पालटून. मग दोन ओळी एकमेकींवर ठेवल्या की शिवणी एकमेकींत अडकतात आणि चार कोपरे एका बिंदूत येतात. न आले तर? एक सूत इकडेतिकडे असेल तर सोडून द्या, बाळ टेप घेऊन बसत नाही. पाव इंच सरकलं असेल तर उसवा. ते पुढच्या प्रत्येक ओळीत वाढत जातं.

थर. खालचं कापड ४० × ४६ इंच, म्हणजे चारही बाजूंनी २ इंच जास्त; त्याला सव्वा मीटर पुरतं. हे जमिनीवर उलट बाजू वर करून पसरा. आमची आजी कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या आणि दोन पितळी डबे ठेवायची. मी चिकटपट्टीने फरशीला चिकटवते. कापड ताठ हवं, ताणलेलं नको. त्यावर पोटाचे थर. पुण्या-मुंबईच्या हवेला जुन्या सुती साडीचे दोन थर पुरतात, थंडीच्या गावी तीन. जुनी साडी उजेडात धरून पाहा. जिथे जाळी झाली आहे तो भाग पोटातसुद्धा नको. दोन्ही अंगठ्यांनी ओढल्यावर फाटला तर सोडून द्या. बाजारातलं पॉलिएस्टरचं वॅडिंग (पोटात घालायची तयार भर) फुगीर दिसतं, शिवायलाही सोपं. पण बाळ त्यावर घामाघूम होतं, आणि जुन्या साडीचा मऊपणा त्याला नाही. सगळ्यात वर जोडलेले चौकोन, खालच्या कापडाच्या बरोबर मध्ये.

कच्चे टाके. वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने मध्यापासून चारी दिशांना, दर वितीवर, लांब लांब टाके घाला. कंबर मोडते, अर्धा तास जातो. पण हे टाळून नुसत्या टाचण्यांवर निभावायचं ठरवलं तर पाठीमागे हमखास चुणी शिवली जाते, आणि ती दिसते अगदी शेवटी.

धावदोरा. सहा पदरी एम्ब्रॉयडरीच्या धाग्यातले तीन पदर घ्या. धागा हातभरच, साधारण १८ इंच. लांब घेतला तर गुंतागुंत होते आणि कापडातून जाऊन जाऊन झिजतो. टोकाला छोटी गाठ मारून सुई वरच्या थरातून घाला आणि हलका झटका द्या, गाठ आत पोटात जाते. वर गाठ दिसली नाही की बाळाच्या अंगाला टोचत नाही आणि धुण्यात उसवतही नाही. एका इंचात चार टाके पुरेत. सुईवर तीन-चार टाके एकदम घ्या आणि मग धागा ओढा, पण आवळू नका. प्रत्येक वेळी डावा हात खाली घालून सुई मागच्या थरातून खरंच आली आहे ना ते चाचपा. ओळी दीड इंचाच्या अंतराने, उभ्या. साबणाने आखून घ्या. चौकोनांच्या शिवणींवर सरळ टाके नकोत, तिथे आधीच जास्तीचे पदर असतात आणि सुई अडते. शिवणीपासून पाऊण इंच सरकून पहिली ओळ धरा, मग सगळ्याच ओळी शिवणीपासून दूर राहतात.

हिशोब करायचा तर २४ ओळी, प्रत्येकी ४२ इंच. चार हजारांवर टाके होतात. नवख्या हाताला एका ओळीला अर्धा तास लागतो, म्हणजे रोज तासभर बसलात तर जवळजवळ दोन आठवडे. बारशाची तारीख आधी बघा. पहिल्या तीन ओळी वाकड्यातिकड्या येतील, त्या उसवू नका. दहाव्या ओळीनंतर हाताला लय सापडते आणि मग टीव्हीकडे बघत शिवता येतं.

कड. कच्चे टाके काढण्याआधी पोटाचे थर वरच्या चौकोनांच्या कडेला बरोबर कापा. खालचं कापड मात्र सगळीकडे दीड इंच जास्त राहील असं कापा. इथे कात्री चुकली तर परत फिरता येत नाही, म्हणून मी दर वेळी खालचं कापड बोटाने बाजूला धरून मगच पोटाचे थर कापते. आता ते दीड इंच पुढच्या बाजूला आणायचं. पाऊण इंच दुमडून कापडाची कड गोधडीच्या कडेला टेकवा, पुन्हा पाऊण इंच दुमडून चौकोनांवर आणा, टाचण्या लावा. कोपऱ्यात आधी टोक तिरपं आत दुमडा आणि मग दोन्ही बाजू आणा, पाकिटासारखा कोपरा होतो. मशीनने टीप मारा किंवा बारीक हातशिलाई करा. वेगळा गोट आणि उरेब (तिरकी कापलेली) पट्टी यांच्या नादाला पहिल्या गोधडीत लागू नका.

देताना

शिवून झालं की स्वतः एकदा धुवा. सौम्य साबण, थंड पाणी, न पिळता नुसतं दाबून पाणी काढायचं, सावलीत आडवी वाळत घालायची. पसरताना हाताने सगळीकडून चाचपून घ्या, कुठे टाचणी किंवा सुईचं टोक राहिलं तर इथेच सापडू दे. मग इस्त्री न करताच द्या. धुतलेल्या गोधडीवरच्या बारीक सुरकुत्या पाहिल्या की घेणाऱ्याला धीर येतो, की ही वापरायची आहे, जपून ठेवायची नाही.

सोबत दोन ओळींची चिठ्ठी: कशी धुवायची, आणि कशासाठी. तान्ह्या बाळाला अंगाखाली घालायला, मांडीवर घेताना, दुपारी जमिनीवर खेळवताना गोधडी उत्तम. पण वर्षाच्या आतल्या बाळाला झोपेत सैल पांघरूण नको, हे आवर्जून लिहा. आजूबाजूच्या आज्यांना ते पटत नाही, चिठ्ठी असली की नव्या आईला बोट दाखवायला काहीतरी मिळतं.

आणि उरलेल्या कापडाचा एक चौकोन, त्याच पाण्यात धुतलेला, घडी करून आत ठेवा. चार वर्षांनी ठिगळ लावायची वेळ आली तर त्याच कापडाचं लागेल.

ताईकडची ती गुलाबी ढगांची गोधडी मी परत मागून घेतली. सात-आठ धुण्यांनंतर तिचा रंग सुटायचा थांबला होता. मग वर-खाली धुतलेलं केंब्रिक लावून, पुन्हा नव्याने धावदोरा घालून, ती भाचीच्या धाकट्या भावाच्या बाळंतविड्यात गेली. खणाचे चौकोन आता आत पोटात आहेत. उन्हात धरली की अंधुक दिसतात.